अन्नाच्या मेलचे चार आवाज

आमच्या घरात मोठ्या भावाला अन्ना म्हणतात. घरची बोली तेलुगू, शाळा मराठी, आणि माझं पोट भरतं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर. सोलापुरातल्या छोट्या कारखान्यांसाठी मी सॉफ्टवेअरचे पडदे आखते. कुठलं बटण कुठे, कुठला रंग, अक्षर किती मोठं, हे ठरवणं माझं काम. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. त्यात मी आणि हाताखाली दोन मुली. अन्नासाठी जे केलं ते त्याच खोलीत बसून केलं, आणि ते चुकलं. कसं चुकलं ते सांगते.

अन्नाने बावीस वर्षं माग चालवला. मग टॉवेलच्या एका कारखान्यात मालकाने त्याला मागावरून उठवून ऑफिसात बसवलं. कारण साधं होतं. परदेशातला गिऱ्हाईक मेलवर लिहायचा की दोन धुण्यांत टॉवेलची कड गोळा होते. इंग्रजी येणाऱ्या क्लार्कला ते वाक्य वाचता यायचं, पण कड का गोळा होते ते कळायचं नाही. अन्नाला कळायचं. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण उत्तर नेमकं. दहा वर्षं गिऱ्हाइकांचा सगळा पत्रव्यवहार त्याच्याच टेबलावरून गेला.

मग साखर डोळ्यांत उतरली. नजरेच्या मधोमध डाग. माणूस आला-गेला, हात हलला, रंग कुठला, हे दिसायचं. अक्षर दिसायचं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि सांगितलं, आहे तेवढं टिकवू, गेलेलं येणार नाही.

मालकाने मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ताई, तुमच्या भावाला कापडातलं कळतं तेवढं माझ्याकडं कुणाला कळत न्हाई. पण मेल लिहायला एक माणूस आणि त्याला वाचून दाखवायला दुसरा, हे कसं जमायचं? तुमी पडदेवाल्या. काढा की कायतरी. दिवाळीपर्यंत बघू."

म्हणजे दिवाळीपर्यंत मुदत. अन्ना त्रेपन्न वर्षांचा, साखरेचा आजारी, डोळे अधू. इथून निघाला तर दुसऱ्या कुठल्या कारखान्याने त्याला दारातही उभं केलं नसतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

पडद्यावरचं वाचून दाखवणारी तयार सॉफ्टवेअरं मिळतात. ती लावून पाहिली. ती वरपासून खालपर्यंत सगळं वाचतात. चाळीस मेल एका सुरात ऐकल्यावर डोळस माणसाचीही दांडी गुल होते. अन्नाला आधी एवढंच कळायला हवं होतं की आलेला मेल कशाचा आहे आणि तो आत्ता उघडायचा की संध्याकाळी.

म्हणून मी नवीन आखलं. काळा पडदा, त्यावर एका वेळी एकच मेल, पिवळी अक्षरं चार बोटं उंच. कडेला जाड रंगीत पट्टी. ऑर्डरमध्ये बदल असेल तर लाल, तक्रार असेल तर केशरी, कंटेनरचं काही असेल तर निळी, बाकी सगळं पांढरं. बटण दाबलं की मजकूर हेडफोनवर मोठ्याने वाचून दाखवायचा. आणि प्रत्येक रंगाला एक आवाज. अन्नाला दिवसातून दहा वेळा उठून पलीकडच्या फोल्डिंगच्या टेबलावर कापड बघायला जावं लागायचं. तिथे उभं असतानाही कळावं, म्हणून आवाज.

आवाज निवडताना मी फार नीट काम केलं असं मला तेव्हा वाटलं. कारखान्यात जाऊन फोनवर आवाज टिपून आणला. ऑफिसच्या भिंतीमागे चाळीस माग. त्यांचा खडखडाट जड, घुमणारा. त्यात जाड आवाज बुडून जाणार हे उघड होतं. म्हणून मी चारही आवाज बारीक, टोकदार घेतले. ऑर्डर बदलली की चढत जाणाऱ्या तीन घंट्या, तक्रारीला उतरत्या दोन, कंटेनरला एक लांब, बाकीला एक तुटक. खडखडाटाच्या वरून सुईसारखे निघून जायचे. मुलींनी ऐकले आणि म्हणाल्या, एकदम स्पष्ट.

चाचणीला अन्नाला खोलीवर आणलं. माझी चूक होऊ नये म्हणून कीबोर्डच्या चार दूरदूरच्या बटणांवर चार रंगांचे स्टिकर लावले. पडदा झाकला. तो समोर बसला, मी एकेक बटण दाबत गेले.

"आता कुठला?"

"ऑर्डर बदलली."

"आता?"

"कंटेनर."

"आता?"

"हा तुझा फालतूवाला. दिवाळीच्या शुभेच्छांचा."

विसापैकी वीस बरोबर. मुलींनी टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, "अन्ना, तुमी तर मास्तरच की गाण्याचे!"

"बावीस वर्षं मागाचं गाणं ऐकलंय, पोरी," तो म्हणाला. "हे काय घेऊन बसलीस?"

मी तो निकाल छापून मालकाकडे पाठवला. पुढच्या सोमवारी अन्ना नव्या पडद्यावर बसला. काम चालू झालं. उत्तरं वेळेवर जात होती. मालकाने फोन करून बरं झालं म्हटलं. आणखी तीन कारखान्यांनी विचारणा केली.

महिन्याभराने वदिनाने, म्हणजे माझ्या वहिनीने, मला बोलावून घेतलं. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्या त्या मशीनने माणसाला खुर्चीला शिवलंय. डबा अर्धा परत येतो. पाण्याची बाटली भरलेली परत येते. साखरेचा माणूस, दिवसभर लघवीला उठत नाही. हे काय बनवलंस तू?"

मी अन्नाला विचारलं, "आवाज आहे ना? मग उठायला काय होतं?"

"नवीन आहे. सवय होऊ दे."

मी वहीत लिहिलं की वापरणाऱ्याचा आवाजावर भरवसा बसायला वेळ लागतो. असं पुष्कळदा होतं. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण तसा ठेवणं सोयीचं होतं.

दिवाळीला तीन आठवडे असताना परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस माल तपासायला आला. मालकाने अन्नाला फोल्डिंगवर बोलावलं. नाही म्हणता येईना, म्हणून तो उठला. तासभर तिथे होता, ऑफिसपासून बारा पावलांवर, दार उघडं. तेवढ्यात दुसऱ्या एका गिऱ्हाईक बाईचा मेल आला की बदामी रंग नको, राखाडी करा. तीन घंट्या वाजल्या. उघडला नाही तर दहा मिनिटांनी परत वाजायचं अशी सोय मी केली होती. परत वाजल्या. मग तिसऱ्यांदा. ऑफिसातल्या क्लार्कने ऐकलं, टायपिस्टने ऐकलं. कुणी उठलं नाही. तो अन्नाचा आवाज होता, अन्ना बघतील. अन्ना टेबलावर परत येईपर्यंत सगळा लॉट बदामी रंगून निघाला होता.

मालकाचा फोन आला. "अन्ना म्हणतात मशीन वाजलं न्हाई. ऑफिस म्हणतंय तीनदा वाजलं. खरं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जाऊन मी मशीनमधल्या नोंदी पाहिल्या. तीनदा वाजलं होतं, आवाज पूर्ण. म्हणजे अन्ना खोटं बोलत होता. तो कामावर आलेला नव्हता; मी लॅपटॉप घेऊन तडक त्याच्या घरी गेले. तो खिडकीकडे तोंड करून कॉटवर बसला होता. मी काही न बोलता मागे लॅपटॉप उघडला आणि तीन घंट्या वाजवल्या. मग दोन. मग लांब, मग तुटक. प्रत्येक वेळी वदिनाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. अन्ना खिडकीबाहेर बघत राहिला.

मग मी लाकडी टेबलावर मूठ आपटली. तो वळला.

"कधी आलीस?"

मी त्याच्या समोर जाऊन बसले, अगदी तोंडासमोर. "कानाचं किती वर्षं झालं?"

"मागावरच्या कुणाला नीट ऐकू येतं?" तो म्हणाला. "तुला काय माहीत नाही?"

मला माहीत होतं. मी त्याच घरात वाढले. आमच्या गल्लीतली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची, कारण मागांच्या शेडमध्ये तशीच सवय लागलेली. आमच्या वडिलांना कुकरची शिट्टी ऐकू यायची नाही, पण रस्त्यावरून ट्रक गेला की कळायचा. आधी बारीक आवाज जातात, जाड राहतात. हे मला कुठल्या पुस्तकातून शिकायचं नव्हतं. तरी मी मोजला तो मागांचा आवाज. मागांसमोर बावीस वर्षं उभा राहिलेला कान मोजला नाही. त्याला जे ऐकू येणं शक्य नव्हतं, नेमके तेच चार आवाज निवडून मी त्याच्या टेबलावर ठेवले होते.

"मग खोलीवर विसापैकी वीस कसे?"

"तुझा हात. डाव्या टोकाला गेला की ऑर्डर, उजव्या टोकाला गेला की फालतू." मग म्हणाला, "कारखान्यात पडद्यावरचा रंग दिसायचा. म्हणून उठत नव्हतो."

"सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? डोळे गेले तर लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. कान गेले तर हसतात." मग खालच्या आवाजात, म्हणजे त्याला खालचा वाटेल अशा आवाजात, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मालकाला सांग, मशीन बिघडलं होतं."

वदिना विडी वळायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली.

मशीन बिघडलं म्हणावं तर मालक पहिल्यांदा मशीन काढायला सांगेल, आणि मशीन नसेल तर अन्ना मेल वाचणार कसा? शिवाय नोंदी होत्या, दोन साक्षीदार होते. मी त्याला काही कबूल केलं नाही. तशीच कारखान्यात गेले.

मालकाला सांगितलं की आवाज निवडताना माझी चूक झाली. बारीक घेतले, जाड घ्यायला हवे होते, खुर्चीखाली थरथर जाणवेल अशीही सोय करता येईल. आठ दिवस द्या.

"पण सगळ्या ऑफिसला ऐकू आलं," मालक म्हणाला. "त्यांनाच का न्हाई?"

या प्रश्नाला एकच उत्तर होतं. मी ते दिलं.

त्याने टेबलावरचा टॉवेलचा तुकडा चाचपला. "डोळ्यांचं ठावं होतं, ते मी चालवून घेतलं. आता कानबी. उद्या गिऱ्हाईक समोर बसून बोलला आणि ह्यांनी मान हलवली, तर मी काय समजू? ऐकलं म्हणून हलवली का न ऐकता?"

"आठ दिवस बघा तरी."

"ताई, तुमी आठ दिवसांत मशीन सुधाराल. माणूस सुधाराल का?" त्याचा आवाज कडू नव्हता. म्हणून जास्त लागलं. "उद्यापासून नका पाठवू. आणि तुमीच सांगा त्यांना. माझ्या तोंडून नको."

दुपारी परत अन्नाकडे गेले. तो दारातच उभा होता. मी त्याला उजेडात बसवलं आणि माझं तोंड दिसेल असं सावकाश बोलले.

"मालकाला काय सांगितलंस?" त्याने विचारलं.

"खरं सांगितलं."

त्याने एक शिवी दिली. मला की मालकाला, ते मी विचारलं नाही. "मग?"

"उद्यापासून येऊ नकोस म्हणाला."

"मला फोन करणार होता?"

"नाही. मला सांगायला सांगितलं."

"बरं झालं," अन्ना म्हणाला. "फोनवर मला कळलं नसतं."

वदिना उठून आत गेली. अन्नाने शर्टाच्या खिशातून ऑफिसच्या कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात दिली. मग सांगायला लागला की राखाडी रंगवाल्या बाईला अजून उत्तर गेलेलं नाही. बदामी लॉट दुसऱ्या कुणी घेतो का विचारायचं, पण त्याआधी माफी मागायची, नाहीतर ती वर्षभर बोलत नाही. आणि पत्रात टॉवेलचं वजन लिहायला विसरायचं नाही.

मी ते सगळं लिहून घेतलं आणि किल्ली द्यायला परत कारखान्यात गेले.