मुंबई ते टोकियो, आठ तास

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला मी टोकियोला जायचं ठरवलं आणि माझ्या थोरल्या भावाला तिकिटात खोट सापडली. मोडनिंबहून तो खास मला अडवायला सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या माझ्या घरी आला होता. चहा व्हायच्या आधीच त्यानं तिकिटाचा कागद मागून घेतला.

"रात्री आठला मुंबईतनं निघणार आन् सकाळी साडेसातला पोचणार. साडेअकरा तास, अगं! तुझी कंबर टिकंल व्हय?"

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मलाही ठाऊक आहे. पण लेकीचे दिवस भरत आले होते आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला विमानात बसायला साफ मनाई केली होती. ती येऊ शकत नाही तर माहेरानं उठून तिच्याकडे जावं, यात अवघड काय? भाऊ म्हणाला, "बाळंतविडा पार्सल कर की!" अळीव, डिंक, खारीक, झबली-टोपडी सगळं जाईल हो पार्सलनं. बाळाच्या टाळूवर तेल कोण घालणार, पोस्टमन?

मग मी त्याच्यासमोर हिशेब मांडला. लेक तीन वर्षं तिथं आहे. मी सकाळी सहाला चहा टाकते तेव्हा तिच्याकडे साडेनऊ वाजलेले असतात. तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढं. साडेअकरातून तेवढे वजा कर, राहिले आठ. मुंबईला जाताना एसटीत मी तेवढेच तास बसते, तेही आदळत-आपटत. तेव्हा माझ्या कंबरेची चौकशी कुणी केली नव्हती.

त्यानं बोटांवर दोनदा मोजलं. आठच आले. तसा त्यानं पवित्रा बदलला. "तास कमी झालं म्हनून अंतर कमी होतंय व्हय? हजारो किलोमीटर हाय ते, मधी समुद्र हाय. आन् तुला सोडाय कोन जानार?"

सोडायला कोण जाणार! हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. ही लेक पोटात असताना मला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. माहेरी न्यायला कुणी यायच्या आतच मी इथं सोलापुरात बाळंत झाले. तिकडे मोडनिंबला आई पिशवी भरून तयार होती. एसटीनं सव्वा तासाची वाट. पण घरच्या पुरुषांनी विचारलं, हिला सोडायला कोण जाणार? ऊस तोडणीला आला होता, कुणाला सवड नव्हती, आणि बाई एकटी कशी जाईल? विचारणाऱ्यांत हा सगळ्यांत पुढं होता. आई बाराव्या दिवशी आली, बारशाला, पाहुण्यांच्या घोळक्यातून. तोवर मी रोज दाराकडे बघत होते. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि मला तो घालवायचाही नाही.

भावाशी बोलताना माझी भाषा आपोआप मोडनिंबची होते. "सव्वा तासाच्या वाटंला तुमाला बारा दिवस लागलं, दादा. तवा कुनी किलोमीटर मोजलं न्हाय."

त्यानं तिकिटाच्या कागदाची घडी घालून माझ्याकडे सरकवली. गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "मुंबईपतोर मी येतो की सोडाय. कवा निघायचं?"

"नगं," मी म्हणाले. "यष्टीचं तिकीट काढलंय मी. येकच."