खडूच्या रेघा

लेकीच्या शाळेत खडूचा वास आला आणि लिंबायतची, आमच्या जुन्या वस्तीतली एक संध्याकाळ आठवली. संगणकाच्या क्लासमध्ये मी एक खेळ लिहिला होता. पडद्यावर धागा तुटला की बटण दाबून गाठ मारायची, गाठीला शंभर गुण. तो बघायला वडील कापडाच्या कारखान्यातल्या लूमवरून तसेच आले, अंगाला तेलाचा वास. त्यांची बोटं थांबेचनात. गुण बत्तीस हजारांच्या वर गेले आणि एकदम उणे झाले, कारण त्याहून फार मोठा आकडा तिथे मावतच नव्हता. वडिलांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "मन्हं काय चुकनं रे?" मी म्हटलं, "तुमनं काहीच नही." मग मला त्यांच्या लूमचं, विणलेलं कापड मोजणारं मीटर आठवलं. ते भरून शून्यावर आलं की वडील शेजारच्या भिंतीवर खडूने एक रेघ ओढत. मी खेळातही तसंच केलं. गुण भरले की शून्य व्हायचे आणि बाजूला एक रेघ उमटायची. दुसऱ्या दिवशी शून्य आलं तरी वडील थांबले नाहीत. ते वारल्यावर कारखान्याच्या शेठने त्यांच्या लूमचं मीटर मला दिलं. त्यावरचा आकडा अगदीच लहान आहे. रेघांच्या भिंतीला तोवर चुना लागला होता.