कोरड्या विहिरीचं जेवण

देवाला घाई करायला लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि ते माझे सासरे होते! बाकीची दुनिया काही मिळालं की आभार मानते. काही जण मिळाल्यावरही मानत नाहीत, त्यात मी येतो. आमचे मामा, म्हणजे हेच सासरे, मात्र मिळण्याच्या आधीच आभार मानून मोकळे व्हायचे. एसटी यायच्या आधी एसटीचे, ताप उतरायच्या आधी ताप उतरल्याचे, आणि लेकीचं लग्न ठरायच्या आधी जावयाचे! मी नगरकडचा, मेहकरच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एका रविवारी उपासना संपल्यावर एक उंच, काटक, पांढऱ्या टोपीतला माणूस माझ्यासमोर आला, "सलाम" म्हणाला, माझा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून खणखणीत आवाजात म्हणाला, "देवबापा, असा शिकलेला जवाई देल्याबद्दल तुहे लय लय आभार!" मी त्यांच्या मुलीला तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं. मंडळीतले दहा-बारा जण एका सुरात "आमेन" म्हणाले. त्या आमेननंतर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि झाली नाही हे माझं केवढं नशीब, ते बायको घरी आल्यावर कळलं.

मेहकरहून साखरखेर्ड्याकडे जाताना आडवळणाला त्यांचं गाव. तिथे मिशनचा एक छोटा दवाखाना होता आणि मामा त्यात कंपाउंडर होते. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, उरलेले सहा दिवस मामाच डॉक्टर. पेशंटने बाटली तोंडाला लावली की मामा मनगट धरायचे. "आधी आभार, मंग घोट." तो बिचारा गोंधळायचा. "अवो, अजून पेलो कुठं मी?" मामा म्हणायचे, "पेल्यावर तं बैलही मान हालवते. पेयाच्या आधी मान, त्याले माणूस म्हन्तात." कोणी कोणाचं नाव घ्यायचं याबद्दल त्यांची काही अट नसे. ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे मनातल्या मनात म्हणावं, पण म्हणावं आधी. गंमत म्हणजे लोक म्हणायचे, आणि अर्धे तर औषधाचा घोट उतरायच्या आधीच बरे दिसायला लागायचे. आता यात औषधाचा गुण किती आणि मामांचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

एसटीच्या स्टँडवर तर त्यांच्यासोबत जायची मला धास्तीच होती. गाडी खच्चून भरलेली, टपावर कोंबड्यांच्या खुराड्यांपासून सगळं, दारात माणसं लोंबकळलेली, आणि हे खिडकीखाली उभे राहून कंडक्टरला हात जोडणार, "कंडक्टर सायेब, जागा देल्याबद्दल देव तुमचं भलं करो! पोरंबाळं सुखात ठेवो!" मी शरमेने दुसरीकडे बघायचो. कंडक्टर आधी कपाळाला हात लावायचा, मग आतल्या चार जणांना सरकवायचा आणि म्हणायचा, "या बाबा. आभार मानूनच टाकले तं आता काय करता!" मामा आत चढता चढता माझ्याकडे वळून डोळे मिचकावायचे. सबंध आयुष्यात त्यांची गाडी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

आणि जेवणाआधीची प्रार्थना! ती ऐकायला अंगात ताकद लागायची. ताटात भाकरी-पिठलं वाढलेलं, वाफ निघतेय, आणि मामा डोळे मिटून ज्वारीच्या दाण्यापासून सुरुवात करायचे. ज्वारी पेरणारा, त्याचे बैल, बैलांना वैरण घालणारी त्याची बायको, जातं घडवणारा, तवा घडवणारा, मीठ आणणारा, ते मीठ ज्या समुद्रातून आलं तो समुद्र. मामांनी समुद्र उभ्या जन्मात पाहिला नव्हता, पण त्याचे आभार रोज दोन वेळा मानले. त्यांच्या समोर बसलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, एक डोळा उघडून म्हणायच्या, "अवो, आमेन म्हना आता. पिठल्याचा दगड झाला." मामी अंगाने लहानखुऱ्या, जिभेने सडेतोड. प्रभूवर त्यांचा विश्वास मामांइतकाच होता, पण नवऱ्याच्या घाईवर अजिबात नव्हता. "आधी येऊ द्या, मंग माना," हे वाक्य त्या घरात दिवसातून दहादा ऐकू यायचं.

हे दोघं खरंखुरं अडले ते पाण्यावरून. गावात पिण्याच्या पाण्याची एक चांगली मोठी विहीर होती, पण ती आम्हा ख्रिस्ती लोकांसाठी नव्हती, आणि शेजारच्या बौद्ध वस्तीसाठीही नव्हती. हे कोणी बोलून दाखवत नसे, सगळ्यांना माहीत असे. म्हणून मामी वस्तीतल्या जनाबाईच्या जोडीने नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जायच्या. वाटीवाटीने घागर भरायची आणि चढ चढून यायचं, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. पुढे मामींचे गुडघे गेले. चढावर त्या तीन ठिकाणी बसायला लागल्या. एकदा मामांनी त्यांना असं बसलेलं लांबून पाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी परसात कुदळ मारली. "हिच्या डोक्यावरची घागर मी उतरवीन," म्हणाले, "आन् या विहिरीवर ज्याले याचं त्यानं यावं. कोनाले ना नाही."

दोन मजूर आणि स्वतः मामा. दवाखान्यातून आले की धोतर खोचून खाली. सगळा उन्हाळा खणत होते. मुरूम लागला, मग काळा खडक, मग सुरुंग. सात पुरुष खोल गेल्यावर एका सोमवारी तळाशी ओल दिसली. बोटाला लागेल एवढीच, पण ओल! मामा चिखलाचा गोळा मुठीत घेऊन वर आले ते तसेच गावभर धावत सुटले. मळेवाल्या देशमुखांच्या ओसरीवर, जनाबाईच्या दारात, पारावर, गिरणीवर, "रविवारी आभाराचं जेवन! वरण-बट्टी! आमच्या विहिरीचंच पानी पेयाचं, समद्यायनं याचं!" मला मेहकरला निरोप आला तोही असाच, पाणी लागलंच आहे अशा थाटात. मी शाळेत सगळ्यांना पेढे वाटले. जावईसुद्धा शेवटी त्यांचाच ना!

शनिवारी मी आणि बायको गावी पोचलो तर घरात सुतकी शांतता. गुरुवारी ओल आटली होती. शुक्रवारी तळाचा चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मी म्हटलं, "मामा, अजून वेळ आहे, निरोप पाठवून जेवण रद्द करू." मामांनी मान हलवली. "आभार मानलेले परत घेता येत नाईत, जवाईबापू." मामी चुलीपुढून कडाडल्या, "आन् वरण कशात शिजवू? तुमच्या विश्वासात? चाळीस मान्सायच्या वरणाले दोन घागरी हायेत घरात!" मामा परसात गेले आणि विहिरीच्या काठावर पाठमोरे बसून राहिले. मामांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला भयंकर वाईट वाटलं. सगळं गाव हसणार होतं, ते मी सोसलं असतं. पण मामी उद्यापासून पुन्हा चढ चढणार होत्या, आणि मामांनी ज्याला आधीच धन्यवाद दिले होते त्याच्याकडे आता कोणत्या तोंडाने बघायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

रविवारी सकाळी परसात चूल पेटवली. तिच्यावर मिशनचा भलाथोरला गंज, म्हणजे पातेलं, आणि गंजाच्या तळाशी त्या दोन घागरींचं पाणी. तेवढ्यात जनाबाई आली. डोक्यावर भरलेली घागर. इकडेतिकडे बघत म्हणाली, "नव्या विहिरीले शकुनाचं पानी दाखवा लागते म्हन्तात. म्हून आनलं." असा काही रिवाज मी जन्मात ऐकला नव्हता. तिच्यामागून तिच्या सुना, प्रत्येकीच्या डोक्यावर शकुन! मग गिरणीवाला आला, हातात बादली. "वाटेत तहान लागन म्हून घेतली होती, लागलीच नाई." त्याचं घर तिथून पन्नास पावलांवर! मग एक म्हातारबा तांब्या घेऊन आले, आणि शेवटी देशमुखांची बैलगाडी, तिच्यात पाण्याचा पिंप. देशमुख खाली उतरून खाकरले. "बैलायसाठी भरला होता. बैलं काई आज पेत नाईत." बैल बिचारे जीभ काढून पिंपाकडे बघत होते! मजुरांनी शुक्रवारीच गावभर सांगितलं होतं की विहीर कोरडी आहे. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की आपण एकटेच मामांची फजिती झाकून नेतोय!

मामा उठले. आणि मग त्यांच्या अंगात जे काही संचारलं! ते धावत सुटले. जनाबाईची घागर घेतली, गंजात ओतली. देशमुखांच्या पिंपातून बादल्या भरल्या, गंजात ओतल्या. सुनांच्या घागरी, म्हातारबांचा तांब्या, गिरणीवाल्याची बादली, सगळं एकाच गंजात, आणि प्रत्येक वेळी "आभार! आभार!" मामी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. शेवटची बादली रिकामी झाली आणि सगळ्यांच्या नजरा गंजावर खिळल्या. काय झालं ते मामा सोडून सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. देशमुखांच्या मळ्याचं पाणी आणि बौद्ध वस्तीचं पाणी एकाच गंजात उकळत होतं, आणि त्यातच वरण शिजणार होतं. दोघा-तिघांना अचानक घरची कामं आठवली, ते निघून गेले. बाकीचे देशमुखांकडे बघायला लागले. जनाबाई मात्र शांतपणे गंजाजवळ गेली, आत डोकावली आणि म्हणाली, "काऊन थांबले? डाळ टाका. पानीच हाये थे. आमाले तं त्यात कधी दुसरं काई दिसलं नाई." देशमुखांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गंजाकडे. मग त्यांनी जोडे काढले आणि पंगतीच्या जागेवर मांडी घातली. "आता कोनतं कोनाचं, कसं वळखाचं?" म्हणाले. "बट्ट्या भाजा लवकर. भूक लागली."

त्या दिवशी मी मनाची तयारी केली होती. आज प्रार्थना समुद्रापर्यंत नक्की जाणार, कदाचित त्याच्याही पलीकडे. पानं वाढली, तूप पडलं, मामा उभे राहिले, डोळे मिटले. आणि त्यांना शब्दच फुटेना. ओठ हलत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "देवबापा, आले रे समदे." आणि खाली बसले. आमेन म्हणायचंसुद्धा राहिलं. ते मामींनी म्हटलं. असं वरण मी पुन्हा कधी खाल्लं नाही.

विहिरीला पाणी कधीच लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामींच्या दारात एक भरलेली घागर ठेवलेली होती. तिसऱ्या दिवशी दुसरी. झिऱ्यावरून येणाऱ्या बायांनी आपापसात पाळ्या लावून घेतल्या होत्या, आणि देशमुखांचे बैल आठवड्यातून एकदा नेमाने पाणी प्यायचे बंद होत. मामी पुन्हा कधी तो चढ चढल्या नाहीत. मामा मला दरवेळी विचारायचे, "आलं का नाई पानी?" मी म्हणायचो, "विहिरीत कुठं आलं?" त्यावर छाती काढून म्हणायचे, "विहिरीतच येईन असं म्या काय त्याले लिहून देलं होतं?"

मामा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटच्या आजारात माझा हात धरून, पहिल्या दिवशी धरला होता तसाच घट्ट धरून म्हणाले, "तिकडच्या घराचेही मानून ठेवले, जवाईबापू." त्यानंतर काही वर्षांनी गावात नळ आले. मामींच्या दारातही तोटी बसली. आम्ही गेलो त्या दिवशी नुसते पाइप जोडून झाले होते, पाणी दुसऱ्या दिवशी सुटणार होतं. संध्याकाळी मी बाहेर आलो तर मामी त्या कोरड्या तोटीपुढे उभ्या. डोक्यावर पदर, हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. घागर घेऊन येणाऱ्या एकेका बाईचं नाव त्या घेत होत्या, जनाबाईपासून. मी संपेपर्यंत थांबलो आणि हळूच म्हणालो, "मामी, पाणी उद्या येणार आहे."

"मले मालूम हाये," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पन थे असते तं उद्यापर्यंत थांबले असते का?"