योहानकाकांचा अंगठा

पहिल्याच दिवशी योहानकाकांनी माझ्या मनगटावर लवेच्या उलट अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, तुमी दिवस भरायच्या आधीच आलात." मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी आईला फोनवर सहज विचारलं, तर तिने उलट विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" मी सातव्या महिन्यात जन्मलो होतो आणि घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं. पुढे आठवडाभर मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले.

संगमनेरच्या अलीकडे आमचं मेंढ्यांचं संशोधन केंद्र. मी तिथे नवा संशोधक, काका प्रयोगशाळेतले जुने मदतनीस. तिथे काका मेलेल्या कोकरांच्या कातडीचे पातळ काप काढून काचेवर चढवायचे. पोटातल्या कोकराच्या कातडीचा एक ठिपका आत उतरतो, रुजतो, मग त्यातून केस वर येतो. जन्मानंतर एकही नवं मूळ तयार होत नाही. मला हे काचेवर दिसे, काकांना आधीच अंगठ्याला कळे. अंगठा फिरवून सांगितलेलं कोकराचं वय कधी चुकलं नाही. "कातडं खोटं बोलत न्हाई, साहेब. मानूस बोलतंय," हे त्यांचं ठरलेलं. भिंतीलगतच्या बरण्यांत न जन्मलेली कोकरं होती. घरी निघताना काका त्यांना "निजा आता" म्हणत. मला त्या खोलीत एकट्याने बसायची भीती वाटे, खोटं कशाला सांगू?

एकदा सोनईकडची ठकूबाई मेंढपाळीण मेलेलं कोकरू फडक्यात गुंडाळून आली. मागे तिची नवी सून. लग्नाला वीस दिवस झाले होते आणि तेवढ्यात तीन मेंढ्या गाभडल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच मेलेली कोकरं पडली होती.

"मेंढी कवा फळली ते मला ठावं हाय. हे पोटात कवा मेलं, तेवढं सांगा," ठकूबाई म्हणाली. "लग्नाआदी मेलं आसंल तर पोर नांदंल. नंतरचं आसंल तर हिचाच पायगुन. उद्या बापाकडं सोडून येते."

मी रोगाबद्दल, रक्ततपासणीबद्दल बोलू लागलो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांनी त्या ओल्या कातडीवर अंगठा फिरवला. तो मध्येच थांबला. सुनेची नजर त्या अंगठ्यावरून हलत नव्हती.

"उद्या या," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठकूबाईला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. "ह्ये बगा. नुसती मुळं उतरल्यात, केस फुटलाच न्हाई. लग्नाच्या महिनाभर आदी मेलंय. मेंढी नुसती वागवत हुती."

ठकूबाईने बराच वेळ डोळा लावला. मग सुनेला म्हणाली, "चल, मेंढरं सोडायची हायेत."

त्या गेल्यावर मी काच उचलून तिच्यावरचा क्रमांक पाहिला. "काका, ही तर आपल्या बरणीतल्या कोकराची!"

"व्हय." त्यांनी खिशातून दुसरी काच काढून दिली. तिच्यात प्रत्येक मुळातून नुसत्या डोळ्यांना न दिसणारा केस कातडीबाहेर आला होता. "ह्ये लग्नानंतरच मेलंय. पन त्यात पोरीचा काय गुन्हा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नव्या कातडीवर अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि माझ्यापुढे धरला. "साहेब, ह्याला काय कळंना." डॉक्टरांना काही सापडलं नाही. टाचणी टोचली की रक्त यायचं, काकांना पत्ता नसायचा. मी शास्त्र शिकलेला माणूस, पण माझ्या अंगावर काटा आला.

निवृत्तीनंतर ते श्रीरामपूरला लेकीकडे राहिले. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो. त्यांचा हात हातात घेतला. तापाने बोटं भाजत होती, अंगठा तेवढा गार.

"ती पोरगी नांदती का?" त्यांनी विचारलं.

"नांदते, काका. बाजारात दिसली होती. कडेवर मूल होतं."

काका अंगठ्याकडे बघत राहिले. "मग ऱ्हाऊ दे ह्याला मेलेला," म्हणाले.