उजवीकडून सुरू होणारी बेरीज

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना मी रोज सकाळी वडिलांना गणिताचं पुस्तक वाचून दाखवायचे, आणि त्यातलं मला स्वतःला ओ की ठो कळत नसे. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, माझ्याच कॉलेजात गणित शिकवायचे. सकाळी मी त्यांना वाचून दाखवायचं आणि दुपारी त्यांनी तेच मला आणि बाकीच्या वर्गाला शिकवायचं, असा आमच्या घरचा उलटा कारभार होता. अण्णांना दिसत नव्हतं, आणि हे कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं.

काचबिंदू होता. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं, मग नळीतून बघावं तेवढंच उरलं, मग तेही धुरकट झालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, उरलेलं किती दिवस टिकेल तेवढंच बघायचं. आई म्हणायची, लई झालं आता, घरी बसा. अण्णा विचारायचे, घरी बसून काय करू, भिंती चाचपू? निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. तोवर फळ्यापुढं उभं राहायचं आणि नियमाप्रमाणं, हार घालून घेऊन घरी यायचं, एवढंच त्यांना हवं होतं. कुणीतरी हाताला धरून वर्गाबाहेर आणावं, हे त्यांना मरणापेक्षा वाईट वाटायचं. त्यांनी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण दाढी करताना कापलेल्या गालावर तुरटी फिरवत ते ज्या घाईनं कपडे चढवायचे, त्यात ते दिसायचं.

त्या वर्षी मालिका हे प्रकरण होतं, आणि मालिकेत सिग्मा. मी पहिल्यांदा ते चिन्ह पाहिलं तेव्हा ‘इंग्रजी एम आडवा पडलाय’ असं वाचलं. अण्णा हसले. मग त्यांनी मला वाचायची रीत लावून दिली. आधी खाली बघायचं: कुठून सुरुवात. मग वर बघायचं: कुठं थांबायचं. मग बाजूला बघायचं: दर वेळी काय करायचं. खाली ‘आर बरोबर एक’, वर ‘एन’, बाजूला ‘आरचा वर्ग’. म्हणजे एकाचा वर्ग, दोनाचा वर्ग, तिनाचा वर्ग, असं एनपर्यंत सगळं एकात मिळवायचं. एवढं लांबलचक काम त्या आडव्या पडलेल्या एमच्या पोटात मावलेलं असायचं.

मला अडायचं ते आरपाशी. उत्तरात एन असायचा, आर नसायचा. सगळी धावपळ आर करतो, आणि उत्तर येतं तेव्हा त्याचा पत्ता नाही. हा गेला कुठं, म्हणून मी एकदा चिडून पुस्तक मिटलं. अण्णा म्हणाले, आपल्या पिशोरच्या एस.टी.तला कंडक्टर बघितलास ना? प्रत्येक थांब्यावर तो खाली उतरतो, माणसं चढवतो, घंटी मारतो. गाडी औरंगाबादला आली की किती माणसं आली ते मोजतात. कंडक्टरला कुणी मोजतं का? मला पटलं, पण त्या कंडक्टरचं वाईटही वाटलं.

पिशोर हे अण्णांचं गाव. निजामाच्या राजवटीत शाळा म्हणजे उर्दू, त्यामुळं अण्णांचं सगळं गणित उर्दूतून झालेलं. त्यांच्या शाळेतल्या बीजगणितात एक्स-वाय नव्हते, उर्दू अक्षरं होती, आणि समीकरण उजवीकडून डावीकडं चालायचं. पुढं हैदराबादला शिकून ते मास्तर झाले न झाले तोच पोलीस ॲक्शन झाली. राज्य बदललं, मग हळूहळू शाळांचं माध्यम बदललं. अण्णांनी मुलांना शिकवण्याआधी मुलांचीच मराठी पुस्तकं घरी आणली आणि ‘सिलसिला’ला मालिका, ‘लामुतनाही’ला अनंत म्हणायची सवय केली. कॉलेजात आल्यावर तेच परत इंग्रजीतून. एकच विषय एका माणसाला तीनदा शिकावा लागला. त्यांनी तक्रार केली नाही, पण वर्गात बोलताना शब्दाआधी किंचित थांबायचे. मुलांना वाटायचं सर विचार करतायत. ते मनातल्या मनात उर्दूतून तर्जुमा करत असायचे.

घरी मात्र एकटे असले की ते स्वतःच्या चालीनं चालायचे. मी लहान असताना ते शहाबादी फरशीवर खडूनं गणितं सोडवत बसायचे, तेव्हा ओळ उजव्या भिंतीपासून निघून डावीकडं दारापर्यंत जायची. मोठ्या माणसांची गणितं उजवीकडून असतात आणि लहान मुलांची डावीकडून, असं मी बरीच वर्षं समजत होते. आई फरशी पुसायला यायची आणि विचारायची, झाली का ही रांगोळी?

कॉलेजात आमची एक पद्धत ठरलेली होती. वर्गाचं दार फळ्याच्या डाव्या अंगाला होतं. अण्णा आत आले की दोन पावलांत डावा हात फळ्याच्या चौकटीला लागायचा. तिथं अंगठा रोवायचा, उजव्या हातानं त्या उंचीवर ओळ लिहायची, संपली की अंगठा वीतभर खाली. पहिल्या बाकावर मी. ओळीवर ओळ चढायला लागली की मी खोकायचे. वर्गातल्या पोरांनी मला दम्याचं औषधही सुचवलं होतं.

मग एक दिवस आमच्या वर्गाचं छत गळायला लागलं म्हणून शिपायानं सगळ्यांना बाजूच्या इमारतीतल्या खोलीत नेलं. त्या खोलीचं दार फळ्याच्या उजव्या बाजूला होतं. मी ते बघितलं, पण अण्णांना सांगणार कशी? अण्णा आत आले, दोन पावलं टाकली, आणि त्यांचा उजवा हात चौकटीला लागला.

ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग खडू उचलला आणि तिथूनच सुरुवात केली. फळ्याच्या उजव्या टोकाला सिग्मा, त्याच्या डाव्या बाजूला पद, त्याच्या डावीकडं बरोबरचं चिन्ह, मग एक छेद दोन, अधिक एक छेद चार, अधिक एक छेद आठ, असं सगळं डावीकडं निघालं. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. मी खोकले. अण्णांनी अंगठा जरा खाली घेतला आणि पुढं लिहीत राहिले. उलटं लिहिताय, हे सांगणारा खोकला आम्ही कधी ठरवलाच नव्हता.

आणि काय सांगू, त्या दिवशी अण्णा जसे शिकवत होते तसे मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शब्दाआधीचं ते थांबणं नाहीसं झालं होतं. त्यांनी विचारलं, शेरभराचं माप आहे, त्यात अच्छेर, म्हणजे निम्मं, दूध घातलं, रिकामं किती? पोरं म्हणाली, अच्छेर. पावशेर घातलं, आता रिकामं किती? पावशेर. त्याच्या निम्मं, अदपाव घातलं? अदपाव. त्याच्याही निम्मं, छटाक? छटाक. बघा, ते म्हणाले, जेवढं शेवटी घातलं तेवढंच दर वेळी रिकामं राहतं. मग भरणार कधी? कुणीतरी म्हणालं, कधीच नाही सर.

“बरोबर. कधीच नाही,” अण्णा म्हणाले. “पण एकापेक्षा कमी अशी कुठलीही संख्या सांगा, मी तिच्या पुढं जाऊन दाखवतो. एकाच्या पुढं मात्र जात नाही. म्हणून बेरीज एक.”

शेवटची टिंबं काढत त्यांचा हात डाव्या चौकटीवर जाऊन आपटला. मी फळ्याकडं बघत होते, आणि सकाळी-सकाळी इतके दिवस पोपटासारखं वाचलेलं ते सगळं मला एकदम कळलं. अनंत पदं मिळवायची म्हणजे अनंत काळ मिळवत बसायचं नाही. बेरीज कुठल्या जागेकडं सरकते आहे ती जागा ओळखायची. शेवटचं पद नसतं, तरी बेरीज असते. कदाचित ती ओळ आमच्या फरशीवरच्या ओळीसारखी होती म्हणून मला कळलं असेल. बाकीच्या वर्गाला ते वाकडं दिसत होतं, मला ते घरचं होतं.

अण्णांनी वळून विचारलं, समजलं का? मी म्हणाले, “समजलं, सर.” माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात खरं उत्तर असेल.

त्यांचा चेहरा खुलला होता. डोळे अधू झाल्यापासून मी तो तसा बघितला नव्हता. आणि तेवढ्यात दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. उर्दू शाळेतून आलेला, अभ्यासू, अण्णांवर जीव असलेला. मागच्यांचं फिदीफिदी त्याला सहन झालं नसावं. सरांची बाजू घ्यावी म्हणून तो मोठ्या मायेनं म्हणाला,

“सर, हमारे अब्बा भी ऐसेच लिखते. सीधे हात से शुरू.”

आपली ओळ उजवीकडून निघाली होती, हे अण्णांना तेव्हा उमगलं. त्यांनी फळ्याकडं तोंड केलं आणि तळहात फळ्यावर ठेवून उजव्या चौकटीपर्यंत हळूहळू सरकवत नेला. लिहिलेलं सगळं पुसत गेलं. चौकट लागली तसा हात थांबला. मग त्यांनी खडू ठेवला, आज इतकंच म्हणाले, आणि दाराकडं जाताना टेबलाला अडखळले. मी उठले. पहिल्यांदाच, सगळ्या वर्गादेखत, त्यांनी माझा खांदा धरला.

हसणाऱ्या पोरांनी त्यांचं काहीच बिघडवलं नसतं. वर्गात हसतातच, ते त्यांनी कानाआड केलं होतं. चांगल्या मनाच्या त्या एका मुलानं त्यांना संपवलं, आणि त्याच्यावर रागावताही येईना. मला राग होता तो त्या गळक्या छताचा, त्या दाराचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्या जगाचा. एका माणसानं किती वेळा नव्यानं लिहायला शिकायचं?

अण्णा परत वर्गात गेले नाहीत. प्राचार्य घरी येऊन गेले, फार चांगलं बोलले, डोळ्यांचं आधीच सांगायचं होतं म्हणाले, वाचनालयात बसायचं काम देऊ म्हणाले. अण्णांनी आईला चहा करायला सांगितला आणि राजीनाम्याचा अर्ज लिहून घ्यायला मला. हार वगैरे काही झालं नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “म्या सांगत व्हते ना,” आणि मग पदर तोंडाला लावून रडली.

आमच्या वर्गाला नवे सर आले. त्यांनी उरलेलं प्रकरण एका तासात उरकलं. सूत्र पाठ करा, परीक्षेला तेवढंच येतं, असं ते म्हणाले, आणि त्यांचं खोटं नव्हतं. अण्णा आता सकाळी पुस्तक मागत नसत. ओसरीवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चपलांवरून माणसं ओळखत. मी जवळ जाऊन बसले तर भाजी कितीला मिळाली, पाणी आलं का, असलं काहीतरी विचारत. गणित आमच्या घरातून असं गेलं, की मला कधी-कधी फरशीवर ओळी दिसल्याचा भास व्हायचा.

परीक्षेत मालिका आली. तोच सिग्मा, खाली एक, वर अनंताचं चिन्ह. सूत्र मला पाठ होतं, पण सूत्रावर माझा विश्वास नव्हता. मला अच्छेर, पावशेर, अदपाव घालून बघायचं होतं. उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर, जिथं कच्चं काम करतात तिथं, मी लिहायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की पेन कागदाच्या उजव्या कडेला टेकलंय. मी थांबवलं नाही. ओळ डावीकडं गेली, रिकामी जागा निम्मी-निम्मी होत गेली, आणि बेरीज जिथं जायची तिथं गेली. माझे डोळे भरून आले होते. मग मी पुढचं पान उलटलं, सगळं डावीकडून सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि कच्च्या कामावर नियमाप्रमाणं तिरकी रेघ मारली.

घरी आले तेव्हा अण्णा ओसरीवरच होते. चपलांवरून त्यांनी मला ओळखलं. पेपर कसा गेला ते विचारलं नाही. मालिका आली होती का, एवढंच विचारलं. मी म्हणाले, आली होती.

“कुठून सुरू केलंस, बाई?”

“डावीकडून,” मी म्हणाले, आणि मागच्या पानाचं सांगायला तोंड उघडलं.

“बरं केलंस,” अण्णा म्हणाले, आणि काठी चाचपत आत निघून गेले.