उतरायचं माप

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि परदेशात, यिशुनला, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. हॉस्पिटल सोडलं तर ती घराबाहेर पडली नव्हती. टॅक्सीत बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग वळायचं. तिने टॅक्सीलाच हात जोडले होते. रविवारी वन-नॉर्थ भागाजवळच्या एका कॉन्डोत, म्हणजे मोठ्या सोसायटीत, मराठी मंडळींचं जेवण होतं. तिला तिथे न्यायचं म्हणून मुलाने मोठी गाडी भाड्याने घ्यायची ठरवलं.

गाडी निवडायला मुलाबरोबर मी गेलो. हट्टच धरला. मी चौथी नापास, पण कराडला पस्तीस वर्षं गाड्यांच्या बॉड्या बांधल्या. तिशीच्या आत असताना आमच्या नऊ माणसांच्या घरासाठी मी मालाच्या टेम्पोची घरची गाडी केली होती. मालाच्या गाडीची तळाची फळी कमरेइतकी उंच, तिला माणसाची दया नसते. दारापाशी तेवढा भाग कापून मी खाली उतरवला. किती? तर आईला अंगणात उभं केलं, नऊवारी न उचलता तिचा पाय किती वर जातो ते भिंतीवर खडूने मांडलं, तेवढा. गल्ली अरुंद, दार उघडलं की समोरच्या ओट्याला आपटायचं, म्हणून दार रुळावर सरकतं केलं. खिडक्या कापल्या, बाकं टाकली, मधे मांडी घालून बसायला सपाट जागा ठेवली.

हे मी तिथे सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, असल्या गाड्या अमेरिकेत, जर्मनीत आधीच निघाल्या होत्या. मालाच्या व्हॅनलाच सीट लावल्या लोकांनी."

"निघाल्या असतील. मला कुणी कळवलं नव्हतं."

त्याला जीपसारखी उंच गाडी आवडली होती. मी सरकत्या दाराच्या गाडीपाशी उकिडवा बसलो, वितीने उंची मोजली आणि म्हटलं, "हीच."

"आईला एकदा आणून बसवून बघू या का?"

"पस्तीस वर्षं काय गवत उपटत होतो?"

रविवारी बायको दांडीला धरून सरळ आत चढली. सूनबाई म्हणाली, "बाबा, पास झालात!"

"मला नापास करणारा मास्तर कधीच गेला," मी म्हटलं.

कॉन्डोपाशी पोचलो आणि अडलं. तिने एक पाय बाहेर काढला, जमीन लागेना, पुन्हा आत घेतला.

"उतर की. चढलीस तेवढंच आहे."

"अहो, चढताना हाताने ओढून घेतलं. उतरताना काय करू? एक गुडघा कापलेला, दुसरा कापायचा राहिलेला."

"मी धरतो."

"आणि तुम्हाला कोण धरणार?"

मुलगा उचलून घ्यायला पुढे झाला. "पोत्यासारखी उचलू नकोस मला," ती म्हणाली. दोन तास ती गाडीतच बसली. बायका ताट घेऊन आल्या, दाराशी उभ्या राहून बोलल्या, एकेक करून आत गेल्या. मी बाहेर उभा होतो. माझी आई तेव्हा पन्नाशीची होती, टेम्पोतून उडी मारून उतरायची. चढायचं माप मी जन्मभर घेतलं. उतरायचं कधी घेतलंच नाही.

कॉन्डोपाशी उंच फुटपाथ नव्हता; परत आल्यावर मुलाने गाडी आमच्या इमारतीजवळच्या उंच फुटपाथला खेटून लावली, तेव्हा ती उतरली. लिफ्टमध्ये म्हणाली, "आता पुन्हा नको. मी घरातच बरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कामाला गेल्यावर मी तिला स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एकावर एक ठेवलेल्या दोन पाटांवर उभं केलं. उतरताना तिने तोंड वाकडं केलं. एक पाट काढला. उतरली. चार वेळा चढवली, चार वेळा उतरवली. मग पाटाची उंची कागदावर लिहून घेतली आणि गाडीच्या दाराशी ठेवायच्या पायरीसाठी फळ्या आणायला खाली गेलो.