मधुभाऊंचे गोल तारे

मधुभाऊंच्या दुकानात साडी मागितली की लगेच साडी दिसत नसे. आधी उलटतपासणी होई. "कोणासाठी पाह्यजे? कोण्या कामाले? अन् धुनार कोण?" याची धड उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांचा हात मागच्या कपाटाकडे जातच नसे. आमच्या सुनंदेनं पहिल्याच भेटीत काचेतल्या एका भरजरी शालूवर बोट ठेवलं. मधुभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हा शालू एकदा नेसान अन् जन्मभर डांबरगोळ्या टाकत बसान. हे सुती घ्या, नेसून नेसून आंगावरच फाटन." वर्ध्याच्या बाजारात असं बोलून धंदा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सुनंदा खूश झाली. मी तिच्याहून.

त्यांच्या गादीमागे लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी चंद्राचा मोठा फोटो होता. खड्डे मोजून घ्यावेत इतका स्वच्छ. कुठून आणला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "गच्चीवरून. आपल्याच दुर्बिणीतून काढला." झालं. मी शाळेत इतिहास शिकवणारा माणूस, मागं पाहण्यात हयात गेलेली. त्या दिवसापासून वर पाहायला लागलो आणि ठेचा खायला लागलो.

मधुभाऊंचा मुक्काम चंद्रावरच होता. मी मात्र नवशिक्याच्या उत्साहात महागडी दुर्बीण घेतली, आकाशाबरोबर फिरणारं मोटारीचं स्टँड घेतलं आणि बोरगाव मेघेतल्या आमच्या गच्चीवर लोखंडी खांब ठोकून त्यावर ते बसवलं. पहिला फोटो मधुभाऊंना अभिमानानं दाखवला. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला. "मास्तर, हे तारे हायेत का जिरे?"

तारे खरोखरच जिऱ्यासारखे लांबट आले होते. स्टँड कितीही चांगलं असलं तरी दोन-चार मिनिटांच्या फोटोत ते किंचित इकडेतिकडे सरकतं. त्याला उपाय एकच. शेजारी एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा बसवायचा. तो कॅमेरा फोटो काढत नाही, एका ताऱ्यावर नुसती नजर ठेवतो. तारा हलला की लॅपटॉप स्टँडला सांगतो, मागं ये. वर्गातल्या मॉनिटरसारखं. हा मॉनिटर कोणता घ्यावा, या विचारात मी महिनोन् महिने घालवले असते. पण तेवढ्यात मधुभाऊंचा डोळा बिघडला.

डावा डोळा त्यांचा लहानपणीच विटी लागून गेलेला. सगळा कारभार उजव्यावर. एक दिवस त्यांनी नव्या साड्यांचा अख्खा गठ्ठा काठ वाकडे आहेत म्हणून परत पाठवायला काढला. नोकर म्हणाला, काठ सरळ आहेत. मुलगा म्हणाला, सरळ आहेत. तेव्हा भाऊंनी गठ्ठा खाली ठेवला आणि दवाखाना गाठला. सावंगीच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध छिद्र असल्याचं सांगितलं. ऑपरेशननं बहुतेक भरतं, पण हमी नाही.

संध्याकाळी माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसले. "मास्तर, बरं झालं तर झालं. नाई झालं तर शेवटचं काय पाह्यलं, थे तरी आपल्या मनाचं असावं. मले पुष्य पाहू द्या. जन्मभर पुष्याच्या मुहूर्तावर माल भरला, पण पुष्य कसं दिसते थे पाह्यलंच नाई."

पुष्य नक्षत्रात ताऱ्यांचा एक सुंदर पुंजका आहे. एप्रिल चालू होता. तो पुंजका दिवेलागणीनंतर डोक्यावर असे आणि रोज थोडा पश्चिमेला कलत होता. ऑपरेशनची तारीख ठरलेली. आता मॉनिटर लवकर हवा होता.

अशा वेळी शहाणा माणूस विचारून घेतो. मी न विचारता मागवला. मोठ्या दुर्बिणीच्या आतच लोलक घालून तिथला प्रकाश चोरणारं एक यंत्र आणि सोबत त्याला शोभेल असा भारी कॅमेरा. इंटरनेटवरचा एक जाणकार म्हणाला होता की याच्यापुढे काही नाही. ते अक्षरशः खरं निघालं. त्या लोलकाच्या चिमुकल्या खिडकीपुढे एकही तारा येईना. सलग काही संध्याकाळी मी काळा पडदा पाहत बसलो.

मधुभाऊंनी खोका पाहिला आणि दुकानातला आवाज लावला. "कोणासाठी आहे हे?"

"दुर्बिणीसाठी."

"तुमची दुर्बीण केवढी? हातभर. कोण्या कामाले? ताऱ्यावर नजर ठेवाले. अन् रोज जोडनार कोण? तुमी! ज्याले स्कूटरची डिक्की लावता येत नाई! वापस करा जी हे. हातभर दुर्बिणीले शालू काऊन नेसवता?"

मग त्यांनी ठरवलं ते असं. दुर्बिणीवर नेम धरायला जी चिमुकली नळी आलेली असते, तीच वापरायची. तिच्या मागे कोणीतरी वापरून काढलेला, साधा ब्लॅक अँड व्हाइट कॅमेरा. रंगीत कशाला, त्याला कुठं फोटो काढायचाय? उलट ब्लॅक अँड व्हाइटला मंद तारा चटकन दिसतो. सॉफ्टवेअर फुकटचं. नागपूरच्या एका पोरानं असा कॅमेरा विकायला काढला होता, तो मधुभाऊंच्या मुलानं जाऊन आणला. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर तारेच तारे. मी नाचलो.

पण नाचण्याची घाई झाली. ताऱ्याची हालचाल दाखवणारी रेघ लॅपटॉपवर अशी उसळत होती की एखाद्या हृदयरोग्याची असती तर नातेवाईक जमले असते. तारे पुन्हा लांबट. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी, म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, मधुभाऊ गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते आणि मी बडबडत होतो की कॅमेराच हलका आहे, भारी घ्यायला हवा होता, उगाच तुमचं ऐकलं.  

आणि लाइट गेली.

बोरगाव मेघे अंधारात बुडालं. आमचं सगळं बॅटरीवर, त्यामुळे चालूच होतं. लॅपटॉपवरची रेघ एकदम शांत झाली. तळ्यावर वारा पडावा तशी. मी डोळे चोळले. थोड्या वेळानं लाइट आली, खाली घर्रर्र सुरू झालं आणि रेघ पुन्हा उसळली.

"मास्तर," मधुभाऊ सावकाश म्हणाले, "तुमी हा खांब ठोकला कशावर?"

मी खांब ठोकला होता बेडरूमच्या खिडकीबाहेरच्या कूलरच्या लोखंडी स्टँडवर. आयतं मजबूत स्टँड गच्चीच्या कठड्यापर्यंत आलेलं, म्हणून मी वेल्डरकडून ते जोडून घेतलं होतं आणि स्वतःची पाठ थोपटली होती. खाली कूलर घरघरे, वर पुष्य नक्षत्र थरथरे. फेब्रुवारीत खांब बसवला, तेव्हा कूलर बंद होता!

मी धावत खाली गेलो आणि कूलर बंद केला. सुनंदा आणि आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाई पदरानं वारा घेत बाहेर आल्या. सुनंदा म्हणाली, "काय जी हे? तारे थंड ठेवाले आमाले उकडून मारता काय?"

वरून मधुभाऊ ओरडले, "वहिनी, आजच्या दिवस! उद्या मले कापनार हायेत!"

सुनंदेनं सगळ्या खोल्यांचे पंखेही बंद करून टाकले.

फोटो आला. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. ते पडद्याच्या जवळ वाकले, मान तिरकी केली, सरळ केली. "गोल आहेत," म्हणाले. "एकदम गोल. झकास." आणि माझा हात दाबला.

ऑपरेशन पार पडलं. डोळ्यात वायूचा फुगा भरतात, तो छिद्राला टेकून राहावा म्हणून पेशंटनं दिवसचे दिवस तोंड खाली करून पडायचं. आकाश पाहणाऱ्या माणसाला जमीन पाहायची शिक्षा. मी भेटायला जायचो, तेव्हा त्यांना माझे फक्त पाय दिसत. तेही धूसर. "मास्तर, चप्पल नवी वाट्टे. धुनार कोण?" असं विचारत. मी हसायचो आणि घरी येताना पवनारच्या रस्त्यावर उगाच स्कूटर हळू चालवायचो.

आषाढात फुगा विरला. आकाश ढगांनी भरलेलं, दुर्बीण गोधडीत गुंडाळलेली. एका दुपारी मधुभाऊ एकटेच चालत घरी आले आणि म्हणाले, "थो फोटो काढा."

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी चष्मा पुसला, लावला आणि वेळ घेऊन पाहिलं.

"मास्तर, हा लांबट आहे."

मी वाकून पाहिलं. कोपऱ्यातला एक तारा खरंच किंचित ओढल्यासारखा होता.

"अन् हा. अन् याच्या बाजूचा हाही. तुमच्या नळीचा स्क्रू ढिला आसन."

"पण भाऊ, तुम्ही त्या दिवशी गोल म्हणाला होतात!"

"मले काय दिसत होतं तवा? मधात नुसतं भोक. तुमचा आवाज ऐकून म्हनलं, बिचारा रडन आता."

मी हाक मारून सुनंदेला बोलावलं, चहा टाकायला सांगितलं आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "भाऊ, अजून कोणते चुकलेत? सगळे दाखवा," मी म्हणालो. आणि मधुभाऊ पडद्यावर बोट ठेवून, एकेका ताऱ्यावरून, माझ्या चुका काढत गेले.